बारावीच्या क्लाससाठी घेतलेला स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि दुकानातले झेब्रा मासे: पैसे वसूल, पण काय दिसेल आणि काय नाही ते आधी वाचा

आधी निकाल सांगून टाकते, वेळ असेल त्यांनी पुढे वाचा. अंबाल्याला बनलेला साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप, २० पट आणि ४० पट मोठं दाखवणारा, वरून आणि खालून दोन्हीकडून लाइट, ऑनलाइन सात हजारांच्या आत पडला. पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो पॅकिंग आणि विक्रेत्याच्या सर्व्हिससाठी, मशीनवर राग नाही. आणि त्याच्या जोडीला फिश टँकच्या दुकानातून घेतलेले झेब्रा मासे, त्यांना पाचपैकी सहा द्यायची सोय असती तर दिले असते.

मी बारावीला बायोलॉजी शिकवते. पुस्तकात भ्रूणाचा विकास म्हणजे मोरुला, ब्लास्टुला, गॅस्ट्रुला या टप्प्यांची एक आकृती, तीन बाण, पाठ करा आणि मार्क घेऊन मोकळे व्हा. पोरं पाठ करतातही, पण कुणीतरी विचारतंच की मॅडम, सगळ्या पेशी सारख्या तर डोकं कुठे करायचं आणि शेपूट कुठे हे ठरवतं कोण. याचं उत्तर फळ्यावर देता येतं, पण समोर घडताना दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही, म्हणून हा खर्च.

मायक्रोस्कोपचं म्हणाल तर घेताना एकच गोष्ट बघा, खालचा लाइट. नाणी, किडे, सर्किट बोर्ड बघायला वरचा लाइट चालतो, पण माशाचं अंडं पारदर्शक असतं, त्यात खालूनच उजेड आला पाहिजे, नाहीतर नुसता चमकणारा गोळा दिसतो. माझ्यात एलईडी आहे, तो फार तापत नाही हे महत्त्वाचं, कारण जुन्या बल्बवाल्या मॉडेलखाली काचेच्या वाटीतलं पाणी कोमट होतं आणि भ्रूण मरतात. दोन्ही डोळ्यांनी बघायचं असल्यामुळे खोली कळते, गोल अंडं गोलच दिसतं. फोकसचा नॉब थोडा ढिला आहे, वर नेलेलं डोकं हळूहळू खाली सरकतं, पण बाजूचा स्क्रू आवळला की प्रश्न मिटतो. सोबत आलेला मोबाइल होल्डर मात्र निव्वळ कचरा. मी रबर बँड आणि पुठ्ठ्याचं काहीतरी जुगाड केलंय, ते त्याच्यापेक्षा बरं चालतं.

ते यूएसबीवाले पेनासारखे मायक्रोस्कोप मिळतात ना, खोक्यावर १००० पट लिहिलेले, ते या कामाला घेऊ नका. आकडा खोटा असतोच, वर लाइट फक्त वरून.

आता मासे. झेब्रा डॅनिओ, निळ्या-सोनेरी आडव्या पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, दुकानात सगळ्यात स्वस्त टँकमध्ये असतो. दुकानदाराला वाटतं बिचारीला महाग मासे परवडत नाहीत. हा मासा मुळात आपल्याच भागातला, भारत-बांगलादेश-नेपाळच्या ओढ्या-नाल्यांमधला, आणि आज जगातल्या कितीतरी लॅब त्याच्यावर चालतात. अमेरिकेत ओरेगनला जॉर्ज स्ट्राइसिंगर नावाच्या माणसाने याला जेनेटिक्ससाठी उभं केलं, १९८१ साली त्याचा पेपर आला. नंतर जर्मनीत ट्युबिंगनला क्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि अमेरिकेत बॉस्टनला वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या ग्रुप्सनी हजारो म्युटेशन्स शोधून काढली, १९९६ च्या डिसेंबरमध्ये एका जर्नलचा अख्खा अंकच त्यावर निघाला. न्यूसलाइन-फोलहार्ड बाईंना त्याच्या आदल्या वर्षी फळमाशीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं होतं आणि त्या तोवर या झेब्रा माशांमध्ये गुंतल्या होत्या. आपल्याकडे मुंबईत टीआयएफआर, हैदराबादला सीसीएमबी, दिल्लीला आयजीआयबी, या सगळ्या संशोधन संस्थांत हा मासा आहे.

मादी पोटाने फुगीर आणि चंदेरी, नर सडपातळ आणि जरा पिवळट, दुकानदाराला जाळीतून दाखवायला लावा. दोन नर, तीन माद्या पुरे. संध्याकाळी टँकच्या तळाशी गोट्यांचा थर द्या आणि रात्रभर अंधार ठेवा, सकाळी उजेड झाला की थोड्या वेळात अंडी पडतात. गोट्या कशाला, तर हे मासे स्वतःचीच अंडी खातात, फटीत पडलेली तेवढी वाचतात. सायफनने तळ ओढून घ्या, चहाच्या गाळणीत धरा, स्वच्छ पाण्यात टाका, त्याच दुकानात मिळणारं मेथिलीन ब्लू अगदी थेंबभर, म्हणजे बुरशी येत नाही. पांढरी पडलेली अंडी लगेच काढून टाका, ती मेलेली असतात आणि बाकीच्यांनाही घेऊन जातात.

आता खरा माल. अंडं साधारण पाऊण मिलिमीटरचं, पारदर्शक कवच, आत बलकाचा गोळा आणि त्याच्यावर एका बाजूला एक फुगवटा, ती पहिली पेशी. पाऊण तासात तिच्या दोन होतात आणि मग जवळजवळ दर पंधरा मिनिटांनी चार, आठ, सोळा. ४० पटीवर हे इतकं स्वच्छ दिसतं की मागच्या बाकावरची पोरंपण मोबाइल ठेवून उठून येतात. तीन तासांत हजारेक पेशी. आणि गंमत अशी की या सगळ्या धावपळीत भ्रूणाचे स्वतःचे जीन्स जवळपास बंद असतात, सगळं आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए आणि प्रोटीन्सवर चाललेलं असतं. दहाव्या विभाजनाच्या सुमारास भ्रूणाचे जीन्स खरे चालू होतात.

पाठ कुठे आणि पोट कुठे याचा पहिला इशाराही आईचाच. अंड्याच्या खालच्या टोकाला ठेवलेला माल फलनानंतर लगेच एका बाजूला सरकतो, त्या बाजूच्या पेशींच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन साठतं आणि ती बाजू पाठ होते. चीनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये यातला एक महत्त्वाचा जीन दाखवला, हुलुवा. मादीत तो बिघडलेला असेल तर तिच्या अंड्यांतून डोकं आणि पाठ नसलेले भ्रूण होतात, बाप कितीही ठणठणीत असला तरी. मॅटर्नल इफेक्ट, म्हणजे आईच्या जीन्सवरून पिल्लाचं रूप ठरणं, शिकवताना मी आता हेच उदाहरण देते, गोगलगायीच्या शंखाच्या वळणाच्या पुस्तकी उदाहरणापेक्षा पोरांना लवकर पटतं.

मग चारेक तासांनी पेशींचा तो ढीग बलकावरून खाली पसरायला लागतो, डोक्यावरून माकडटोपी ओढावी तसा, आणि सहा तासांच्या आसपास कडेला एका ठिकाणी जाडसर भाग दिसतो. त्याला शील्ड म्हणतात. हाच या मायक्रोस्कोपचा कस लागणारा क्षण, कारण ब्लास्टुलापर्यंत कुठलंही भिंग चालेल, पण शील्ड दिसायला खालचा लाइट थोडा कमी करावा लागतो आणि अंडं सुईने हळू फिरवून वरून बघावं लागतं. माझ्या मॉडेलला लाइटचा डिमर आहे, तो नसता तर मी ही वस्तू परत केली असती.

कारण सगळी गोष्ट त्या जाड ठिपक्यात आहे. १९२४ साली जर्मनीत हिल्डे मॅंगोल्ड आणि तिचे गाइड हान्स स्पेमान यांनी न्यूट नावाच्या, बेडकासारख्याच पण शेपटीवाल्या उभयचराच्या भ्रूणाचा असाच तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला. दोन जाती घेतल्या होत्या, एक फिकट, एक गडद, म्हणजे कुठला टिश्यू कोणाचा ते रंगावरून कळावं. झालं असं की पोटाकडे दुसरं अख्खं शरीर उगवलं, मज्जासंस्थेसकट, आणि त्यातला बराच भाग पाहुण्याचा नव्हता, यजमानाच्याच पेशींचा होता. म्हणजे तो तुकडा स्वतः शरीर बनत नव्हता, शेजाऱ्यांना कामाला लावत होता. स्पेमानला १९३५ मध्ये नोबेल मिळालं. हिल्डे पेपर आला त्याच वर्षी घरातल्या हीटरच्या अपघातात भाजून गेली, पंचविशीत. पाठ्यपुस्तकांत अजूनही स्पेमानचं नाव मोठ्या अक्षरात आणि तिचं कंसात असतं, याचा मला दर वर्षी राग येतो.

तो तुकडा शेजाऱ्यांना काय सांगतो हे कळायला पुढे जवळजवळ सत्तर वर्षं गेली. सगळ्यांना वाटत होतं तो 'मेंदू बना' असा काहीतरी सिग्नल सोडत असेल. निघालं उलटंच. भ्रूणात बीएमपी नावाची प्रोटीन्स असतात, ती पेशींना 'तू पोट हो, तू कातडी हो' म्हणत असतात, आणि ऑर्गनायझरमधून, म्हणजे त्या तुकड्यातून, नॉगिन, चॉर्डिनसारखी प्रोटीन्स बाहेर पडतात जी बीएमपीला नुसतं धरून ठेवतात. बीएमपी पोहोचलं नाही तिथे मज्जासंस्था. पोटाकडे बीएमपी जास्त, पाठीकडे कमी, आणि मधल्या पेशी आपल्याकडे किती आलं त्यावरून काय व्हायचं ते ठरवतात. झेब्राफिशमध्ये चॉर्डिन बिघडलं की पोटाकडचा भाग वाढतो आणि डोकं आक्रसतं. बीएमपी-२बी बिघडलं की उलट, सगळं पाठीकडचंच, आणि स्नायूंचे तुकडे शरीराला वेढून बसतात.

फळमाशीतही हेच दोन जीन्स आहेत, फक्त बाजू उलटी. माशीत बीएमपीचा भाऊबंद पाठीकडे आणि चॉर्डिनचा पोटाकडे, म्हणून तिची मज्जारज्जू पोटाखालून जाते आणि आपली पाठीतून. जॉफ्रॉय सेंट-हिलेर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२२ मध्ये लॉब्स्टर उताणा करून म्हटलं होतं की हा तर उलटा पडलेला पाठीच्या कण्याचा प्राणी वाटतोय, तेव्हा लोकांनी त्याची टर उडवली. शेवटी माशीचा जीन बेडकाच्या भ्रूणात टाकला तर त्याने चॉर्डिनचंच काम केलं. याहून आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पुण्यातल्या आघारकर संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्यामधून नॉगिनचा जीन काढून बेडकाच्या भ्रूणात तपासलाय, ज्या हायड्राला धड पाठ नाही पोट नाही त्याच्याकडे हे हत्यार आधीपासून होतं. आणि त्याच्याही कितीतरी आधी पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर कोंबडीच्या भ्रूणांवर असले प्रयोग करत होत्या. हे क्लासमध्ये सांगितल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, त्यांना वाटतं हे सगळं फक्त फॉरेनला होतं.

पुढचा शो दहा तासांनंतर. सकाळी आठची अंडी असतील तर संध्याकाळी सहाला क्लास सुटायच्या वेळी सोमाइट्स दिसायला लागतात, नोटोकॉर्डच्या, म्हणजे पाठीतल्या मधल्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना चौकोनी तुकडे, पुढून मागे एकेक जोडी, अर्ध्या तासाला एक. यातूनच पुढे मणके आणि स्नायू होतात. हे घड्याळ लावल्यासारखं चालतं कारण आत खरंच घड्याळ आहे. शेपटीकडच्या पेशींत हर-१, हर-७ असे जीन्स चालू होतात, त्यांचं प्रोटीन तयार होऊन त्याच जीन्सना बंद करतं, प्रोटीन विरलं की पुन्हा चालू. डेल्टा-नॉच सिग्नलने शेजारच्या पेशी एका ठेक्यात राहतात. कुक आणि झीमन यांनी १९७६ मध्ये ही कल्पना कागदावर मांडली होती, १९९७ मध्ये पूर्किए यांच्या ग्रुपने कोंबडीच्या भ्रूणात तिचा पुरावा दिला, तिथे एक ठेका नव्वद मिनिटांचा. उंदरात दोन तास, माणसात पाच तासांच्या आसपास. सापात हाच ठेका वाढीच्या मानाने फार जलद, म्हणून त्याच्यात तीनशेच्या वर सोमाइट्स निघतात आणि झेब्राफिशमध्ये तिसेक.

हे घरच्या मायक्रोस्कोपवर पडताळता येतं, हा माझ्या मते पूर्ण खरेदीचा सगळ्यात भारी भाग. झेब्रा माशाच्या वर दिलेल्या सगळ्या वेळा साडेअठ्ठावीस डिग्रीच्या आहेत. डिसेंबरमध्ये वाटी खिडकीत ठेवली तर सोमाइट्स रेंगाळत येतात, दुसरी वाटी टँकच्या हीटरजवळ ठेवली तर पटापट. पण शेवटी दोन्हीकडे जोड्या जवळजवळ तेवढ्याच. घड्याळ मंदावतं तसं बाकीची वाढही मंदावते, हिशोब बिघडत नाही. एका मुलीने दोन्ही वाट्यांचा तक्ता करून भिंतीवर लावलाय, अजून कोणी काढला नाही.

चोवीस तासांत डोकं, डोळे, शेपूट, धडधडणारं हृदय. आठवड्याच्या आत पोहणारी पिल्लं. कोंबडीचं अंडं फोडून खिडकी करायचा व्याप ज्यांनी केलाय त्यांना कळेल हे किती सोपं आहे.

आता काय दिसत नाही ते, कारण यावरून लोक चिडून एक स्टार देतात. जीन दिसत नाही. जाहिरातीत "डीएनए लेव्हल डिटेल" लिहिलंय, ते विसरा. कुठल्या पेशीत कुठला जीन चालू आहे ते बघायला रंग चढवायची वेगळी लॅबची पद्धत लागते, ती घरी होत नाही. शरीराचा कुठला भाग काय व्हायचा ते ठरवणाऱ्या हॉक्स जीन्सचं सगळं नाटकही पडद्याआड. क्रोमोसोमवर ज्या क्रमाने बसलेत साधारण त्याच क्रमाने शरीरात डोक्याकडून शेपटीकडे चालू होणारे, माणसात ३९, चार गटांत. उंदरात हॉक्स-१० चे सगळे जीन्स काढले तर कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटतात, २००३ चं काम आहे, पण तुमच्या वाटीत यातलं काही वेगळं दिसणार नाही, सगळे मणके आपापल्या जागी.

डावं-उजवंही असंच. सोमाइट्स येत असताना शेपटीच्या टोकाजवळ एक छोटा बुडबुडा दिसतो, कुप्फर व्हेसिकल. ४० पटीवर बुडबुडा दिसतो, पण त्याच्या आतल्या फिरणाऱ्या सिलिया, म्हणजे केसांसारखे तंतू, दिसत नाहीत, त्या इतक्या बारीक. त्यांनी द्रव एका दिशेला फिरवला की डाव्या बाजूला साउथपॉ नावाचा जीन चालू होतो आणि हृदय कुठे वळायचं ते ठरतं. माणसातही सुरुवात अशाच सिलियांनी होते, त्या चालल्या नाहीत तर हृदय उजवीकडे जाऊ शकतं, दहा हजारांत साधारण एकाचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. हे बघायचंच असेल तर वेगळा, फार महाग मायक्रोस्कोप लागेल, तो आपला प्रांत नाही.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. खोक्यात थर्माकोल एकाच बाजूला, त्यामुळे खालची काचेची प्लेट तडकून आली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तो म्हणे काच कव्हर होत नाही, पूर्ण मशीन परत पाठवा, कुरिअर तुमचं. मी गल्लीतल्या फोटोफ्रेमवाल्याकडून गोल काच कापून आणली, पन्नास रुपये, उलट जास्त स्वच्छ आहे.

कोणी घ्यावा? शाळा, क्लास, घरात उत्सुक पोरगं असलेले, आणि ज्यांच्या घरी आधीच फिश टँक आहे ते. बॅक्टेरिया, रक्तपेशी बघायच्यात त्यांनी घेऊ नका, त्यांना साधा कंपाउंड मायक्रोस्कोप लागतो. मासे घेणार असाल तर पिल्लांची जबाबदारीपण घ्या, मोठी झाली की दुकानदार आनंदाने परत घेतो, पण ओढ्यात सोडायची नाहीत. आणि ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याला फोन करून दोनच गोष्टी विचारा, खालचा लाइट एलईडी आहे का आणि त्याला डिमर आहे का. "सगळं आहे मॅडम" म्हणाला तर चालू करून व्हिडिओ पाठवायला सांगा.